उशीतला ठसा

१

सोमवारी सकाळी नान भाजणाऱ्या शोमुरोद उस्ताच्या उशीत लोखंडी ठसा निघाला आणि दुपार व्हायच्या आत चिनोरतेपा मोहल्ल्यात एकच बोलणं सुरू झालं. सुनेनं सासऱ्यावर करणी केली.

ठसा म्हणजे नानवर टोचायचा. वर लाकडी मूठ, खाली गोलात दाटीनं बसवलेले खिळे. नान तंदुरात लावण्याआधी मधोमध तो दाबतात, म्हणजे मधला भाग फुगत नाही. उस्ताच्या घरचा हा जुना ठसा वसंतापासून सापडत नव्हता. आता सापडला तो कापसात गुरफटलेला, आणि त्याच्या खिळ्यांना माणसाचे केस गुंडाळलेले. करडे केस. उस्ताचेच.

उस्ताच्या डोक्याला डाव्या अंगाला, जरा वरती, कितीतरी दिवस दुखत होतं. सगळं डोकं नाही, तेवढीच एक गोल जागा. तिथले केस झडले होते, कातडी पातळ आणि कोरडी होऊन किंचित खोल गेली होती. उस्ता ती टोपीखाली झाकून ठेवायचा; त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं सगळ्यांसमोर टोपी काढली. डोक्यावर गोल डाग आणि उशीत गोल ठसा. लोकांना आणखी काय हवं होतं?

"उशी कोणाची?" नानच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुहाब्बत म्हातारीनं विचारलं.

उशी सुनेच्या, म्हणजे सर्विनोजच्या माहेराहून आलेली होती. लग्नात सात गाद्या आणि सात उशा घेऊन आली होती ती.

उस्तानं रांगेसमोरच सुनेला हाक मारली. ठसा तिच्या पायाशी टाकला. "शुक्रवारच्या नमाजानंतर तुझा बाप तुला घेऊन जाईल. नात इथंच राहील." तिचा नवरा दिलमुरोद रशियात बांधकामावर. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाबा म्हणतील तसं.

मंगळवारी सकाळी सर्विनोज तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन तुर्दी न्हाव्याच्या दुकानाच्या दारात उभी राहिली. त्या दारात बायका कधी येत नसत. आत खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसासकट वळून बघायला लागलं.

"तू समोर बघ," तुर्दी त्याला म्हणाला, "नाहीतर कान जाईल." मग तिच्याकडे वळला. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळ्यांचा बोबो म्हणजे आजोबा; पन्नास वर्षं मोहल्ल्याची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. "काय ग पोरी?"

"बोबो, माझ्या सासऱ्याचं डोकं जगात सगळ्यांत जास्त तुम्ही पाहिलंय. मी काही केलं असेल, तर तेही तुम्हालाच दिसेल. बघून सांगा. मी केलं असेल तर मीच जाते, शुक्रवारची वाटही नाही बघत. पण माझी पोर मी ठेवून जाणार नाही."

तुर्दीनं वस्तरा पुसला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याला ते बरं वाटलं, आणि त्याच वेळी थोडं खटकलंही.

२

उस्ता अंगणातल्या तख्तावर, म्हणजे मोठ्या लाकडी बाजेवर बसला होता. पहाटेचं भाजकाम उरकून तो रोज इथंच आडवा व्हायचा. समोर चहा, जर्दाळूंचं ताट, आणि फडक्यावर तो ठसा.

"ये तुर्दी. तुला तिनं पाठवलं ना? आधी माझं ऐक. काल रात्री मी झोपलो. कळतंय का? वर्षभरात पहिल्यांदा झोपलो. ठसा बाहेर निघाला आणि दुखणं उतरलं. याहून मोठा पुरावा कुठला आणू?"

तुर्दी तख्ताच्या कडेवर बसला. येताना त्यानं मनाशी पुष्कळ ठरवलं होतं, त्यात ही झोप नव्हती. खरंच पोरीनंच केलं असलं तर?

"टोपी काढ."

"काल काढली होती लोकांसमोर. पुरे झालं."

"माझ्यासमोर कसली लाज? काढ."

उस्तानं आधी फाटकाकडे पाहिलं, मग टोपी काढली. तुर्दीनं बोट न टेकवता जागा न्याहाळली. कडा इतकी स्वच्छ, जणू खडूनं आखलेली. आत कुठं खपली नाही, भाजल्याची खूण नाही, टोचल्याचं भोक नाही. बारीक लव मात्र होती, उन्हाळ्यातल्या सुकल्या गवतासारखी.

"दुखतं ते कडेपर्यंतच?"

"कडेच्या बाहेर तसूभर नाही. आत मात्र कोणीतरी अंगठा दाबून उभं आहे. मधूनच सुई मारतं."

"झोपतोस कुठल्या कुशीवर?"

"उजव्या. डावी बाजू टेकवली तर ओरडायची वेळ येते."

"म्हणजे ही जागा उशीला कधी लागतच नाही."

उस्ता चिडला. "करणीला लागावं लागतं का? ती काय चप्पल आहे चावायला?"

तुर्दीनं ठसा हातात घेतला. एका खिळ्यावरचे दोन-चार केस सोडवून तळहातावर सरळ केले, खिशातून चष्मा काढला आणि उन्हात धरून पाहिले. मुळाकडे बारीक पांढरी गाठ असते, उपटलेल्या केसाला. ती नव्हती. दोन्ही टोकं सपाट होती. लांबी चार बोटं.

"हे केस उशीवर गळलेले नाहीत, कंगव्यातून काढलेलेही नाहीत," तो सावकाश म्हणाला. "कात्रीनं कापलेत."

"मग?"

"चिनोरतेपात तुझ्या डोक्याला कात्री लावणारा एकच माणूस आहे, शोमुरोद. तो मी."

३

जुन्या माणसांचा रिवाज तुर्दी अजून पाळत होता. कापलेले केस केरात टाकायचे नाहीत, कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचे नाहीत. कागदाची पुडी करून ज्याचे त्याला द्यायची, आणि त्यानं ती घरच्या मातीच्या भिंतीत एखाद्या भेगेत खोचून ठेवायची. कोणा वैऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून. आता लागलेच होते. पुडी त्याच्याच दुकानातून गेली होती, पण कुठली?

विचार करत तो तंदुराकडे गेला. उस्ताचा धाकटा भाऊ होशिम पीठ मळत होता. पस्तिशीचा, गडगडाटी हसणारा, आणि दोन वर्षांपासून स्वतःचा वेगळा तंदूर मागणारा. उस्ता देत नव्हता. उस्ता अंथरुणाला खिळला तर सगळं होशिमच्याच हाती येणार, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. आणि ठसाही त्यालाच सापडला होता.

"या बोबो! माझे केस कापायला आलात की मान?"

"ते तुझ्या उत्तरावर. भावाची उशी का उचललीस? तू त्याच्या तख्तावर कधी बसत नाहीस."

"बसेन कसा? ते तख्त नाही, सिंहासन आहे." होशिम हसला, पण हात थांबले. "ओपानं सांगितलं. म्हणाली, उशा उन्हात टाक, दमट झाल्यात. उचलली तर आत कडक काहीतरी लागलं. म्हटलं, फाडून बघू."

ओपा म्हणजे ओयसारा, दोघांची थोरली बहीण. विधवा होऊन वीस वर्षं इथंच राहत होती. भावजय गेल्यावर घर तिनंच सांभाळलं होतं.

"उशा बायका वाळवतात. तुला कशाला सांगितलं?"

"मी काय जाणे? या घरात सगळी हमाली माझीच. मागच्या शरदात अख्ख्या अंगणाची भिंत मी एकट्यानं लिंपली, एक भेग ठेवली नाही. उस्ता नुसते उभे राहून इकडं राहिलं, तिकडं राहिलं करत होते. कोणी चहासुद्धा दिला नाही."

"तुला वाटतं, सर्विनोजनं केलं?"

होशिमनं पिठावर एक थाप मारली. "मला वाटून काय उपयोग? ती गेली तर ठसा कोण मारणार? तिच्यासारखा हात माझा नाही." मग हळूच म्हणाला, "पण बोबो, तो खरंच झोपला काल. मी घोरताना ऐकलं. मग काहीतरी असणारच ना?"

तुर्दी फाटकापर्यंत आला आणि त्याला लांबी आठवली. चार बोटं.

वसंतातल्या नवरोजपासून उस्ता दर पंधरा दिवसांनी वस्तऱ्यानं डोकं करून घेत होता. तिथं तांदळाएवढाही केस राहत नव्हता. त्याआधी वर्षानुवर्षं महिन्याला कात्री, केस अर्धं बोट. चार बोटं केस उस्ताच्या डोक्यावर एकदाच वाढले होते, गेल्या हिवाळ्यात. दुखतं म्हणून कोणाला डोक्याला हात लावू देत नव्हता तेव्हा. तापात घामानं सगळे चिकटले, म्हणून शेवटी तुर्दीला घरी बोलावलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता. कापून झाल्यावर त्यानं पुडी बांधली, आणि पाण्याचं घमेलं धरून शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिली.

४

ओयसारा स्वयंपाकघरात शोरब्यासाठी गाजरं चिरत होती.

"बसा तुर्दीअका. पोरीची बाजू घ्यायला आलात?"

"कोणाचीच नाही. एक आठवत नाही, ते विचारायला आलो. हिवाळ्यात तुझ्या भावाचे केस कापले, ती पुडी तू कुठं ठेवलीस?"

सुरी क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली. "ठेवणार कुठं? भिंतीत. तंदुरामागच्या भेगेत. लगेच त्याच दिवशी."

"बर्फातून गेलीस?"

"भावासाठी आगीतूनही जाईन."

याबद्दल तुर्दीला शंका नव्हती. शंका भिंतीबद्दल होती. तो उठला. या बाईनं शोमुरोदला आईच्या मायेनं वाढवलं होतं. ती भावाचं वाईट करील हे त्याच्या गळी उतरेना. आणि दुखणं उतरलं कसं, हा खिळा तर अजून तसाच रुतलेला होता.

बुधवारी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि पहिल्या गाडीनं शहरात गेला. मेंदू आणि नसांची डॉक्टर तरुण होती. न्हावी दुसऱ्याच्या डोक्याची तक्रार घेऊन आलाय म्हटल्यावर तिला हसू आलं, पण ऐकता ऐकता तिनं कागद पुढे ओढला.

"जागा बदलते?"

"नाही. मी दोन वर्षं पाहतोय."

"कडा बोटानं आखता येते? नाण्यासारखी?"

तुर्दी दचकला. "तुम्हाला नाणं कोणी सांगितलं?"

"आम्ही तसंच म्हणतो. माणूस पाहिल्याशिवाय मी खात्रीनं काही बोलणार नाही. पण असा आजार आहे. एका नाण्याएवढ्या जागेत दुखतं, कधी कधी तिथली कातडी पातळ होते, केस जातात. कोणी करत नाही, कोणाला लागत नाही. औषधं आहेत, बऱ्याच जणांना गुण येतो. आधी डोक्याच्या आत काही नाही ना, तेवढं तपासून घेऊ. त्यांना घेऊन या."

"आणि मध्येच उतरलं तर?"

"हे दुखणं मधूनच सुट्टीवर जातं, आजोबा. काही दिवस, काही महिने. मग परत येतं."

तो परतीच्या गाडीत बसला. डॉक्टरच्या तोंडचं नाणं त्यानं आधी ऐकलं होतं. उस्ताच्याच तोंडून. कधी, तेही आता आठवलं होतं.

५

गुरुवारी सकाळी तो उस्ताच्या फाटकातून आत आला, तर अंगणभर कापूस उडत होता. सात उशा फाडलेल्या. गाद्यांच्या शिवणी उसवलेल्या. उस्ता एका हातानं डोकं धरून दुसऱ्या हातानं आणखी फाडायला काहीतरी शोधत होता. होशिम बाजूला उभा होता आणि सर्विनोज जर्दाळूच्या झाडाखाली पोरीला छातीशी घट्ट धरून.

"पहाटेपासून परत सुरू झालं!" उस्ता ओरडला. "ठसा काल कालव्यात फेकला तरी! म्हणजे हिनं दुसरा लपवलाय. कुठं ठेवलास? बोल!"

"तुमच्या पोटात बघा," सर्विनोज म्हणाली. "बाकी सगळं फाडून झालं."

"शोमुरोद, बस," तुर्दी म्हणाला. "दुसरा ठसा नाही. पहिल्यानंही काही केलं नव्हतं. दिलमुरोदच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी तुझं डोकं करत होतो. इथं कात्री आली आणि तू माझं मनगट धरलंस. म्हणालास, हळू, इथं कोणीतरी तापलेलं नाणं चिकटवलंय, आणि कोणाला सांगू नकोस, पाहुणे आहेत. आठवतं?"

उस्ताचा हात डोक्यावरून खाली आला.

"त्या वेळी ही पोरगी बापाच्या घरी होती. तिची उशीही तिथंच होती. दुखणं तिच्याआधी या घरात आलंय. काल मी शहरात विचारून आलो. आजार आहे. त्याला नाव आहे, औषध आहे. मधूनच तो सुट्टी घेतो. तू तीन रात्री झोपलास ती त्याची सुट्टी होती."

"मग ठसा?" होशिम म्हणाला. "तो तर मी माझ्या हातानं काढला."

"ठसा माणसानंच ठेवला. त्याचे केस चार बोटं होते. एवढे केस शोमुरोदचे मी एकदाच कापलेत, बर्फ होता तेव्हा. सर्विनोज त्या वेळी बाळंतपणाच्या चाळीस दिवसांसाठी आईकडे होती. पुडी मी ओयसाराच्या हातात दिली. ती म्हणते, त्याच दिवशी भिंतीच्या भेगेत खोचली." तो होशिमकडे वळला. "भिंत कधी लिंपलीस?"

"शरदात. बर्फाच्या आधी." होशिमचं तोंड उघडंच राहिलं. "एक भेग नव्हती तेव्हा."

सगळे ओयसाराकडे बघायला लागले. ती उंबऱ्यावर खाली बसली, जशी बाई बाजारातून ओझं घेऊन येते आणि बसते.

"तो भिंतीवर डोकं आपटायचा," ती म्हणाली. "तुम्हाला कोणाला दिसलं नाही. मी बघायचे. पलीकडच्या गावात एक बाई आहे, ती वाटीत पाणी घेऊन बघते. म्हणाली, घरात वस्तू पुरलेली आहे, ती सापडेल तेव्हा सुटेल. चाळीस दिवस मी चूल खणली, उंबरा खणला. सापडेना. मग म्हटलं, नसली तर नसली, आपणच ठेवू. त्याच्या डोळ्यांना दिसली म्हणजे झालं. डोळ्यांनी पाहिली की डोकं सोडील. होशिमच्या हातून निघावी, म्हणजे खरी वाटेल."

"आणि उशी माझी घेतलीत," सर्विनोज म्हणाली.

"घरात दुसरी उशी आहे का ग? तू आलीस आणि जुन्या सगळ्या आपण वाटून टाकल्या. आईशपथ, तुझं नाव येईल हे डोक्यात नव्हतं."

"सोमवारी रांगेसमोर आलं. तेव्हा तर कळलं?"

ओयसारानं मान खाली घातली. "तो झोपला होता. पोरी आईकडे जातात, परत येतात. त्यानं आपल्या डोक्यातून कुठं जायचं?"

उस्ता ताडकन उठला. "निघ माझ्या घरातून!"

"झालं," तुर्दी म्हणाला. "दर आठवड्याला एक बाई बाहेर काढ. मग नान तू आणि होशिम मिळून खा. तुझ्या मनात काय आहे, मी सांगू? तुला करणीच हवी होती. म्हणून तू लगेच मानलीस. नान भाजणाऱ्याच्या कातडीला रोग आहे म्हटलं तर तुझ्या तंदुराकडे कोण फिरकणार? करणी म्हटली की लोक हळहळतात. दोन वर्षं माझ्याकडून गप्प राहण्याचं वचन कशासाठी घेतलंस?"

उस्ता खाली बसला. कापसाचा एक पुंजका त्याच्या गुडघ्यावर येऊन थांबला. त्यानं तो झटकला नाही. "चूक झाली, पोरी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "राहा तू."

सर्विनोजनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"इथं अंगणात चौघांत सांगून नाही भागणार. तिथं सांगायचं, रांगेसमोर. नाहीतर मी उद्या जाते, आणि पोर माझ्याबरोबर येईल. अडवायला कोण येतं ते बघते."

६

शुक्रवारी रांग नेहमीपेक्षा लांब होती. सुनेला न्यायला बाप येणार, ते बघायला निम्मे लोक आले होते. बाप आला होताही, रस्त्याच्या पलीकडे गाडीला टेकून उभा होता. सर्विनोज नानच्या टोपल्यापाशी, तिची वळकटी बांधलेली, पायाशी. तुर्दी रांगेच्या मध्यावर कोणी न बोलावता उभा राहिला होता.

उस्तानं हात पुसले, पुन्हा पुसले. मग भट्टीकडे तोंड करूनच म्हणाला, "सोमवारी जरा गैरसमज झाला होता. घरातला. तो मिटला."

रांगेत कुजबुज झाली. बापानं गाडीचं दार उघडलं.

"मागच्यांना ऐकू आलं नाही, बाबा," सर्विनोज म्हणाली.

उस्ता वळला. होशिम तंदुरातून नान काढत होता, तो तसाच वाकलेला राहिला.

"माझ्या सुनेनं काही केलेलं नाही," उस्ता मोठ्यानं म्हणाला. "मी तिच्यावर खोटा आळ घेतला. तुमच्यासमोर घेतला, म्हणून तुमच्यासमोर परत घेतो. माझ्या डोक्याला आजार आहे. ती इथं यायच्या आधीपासून आहे. मी लपवला."

पुढच्या मुहाब्बत म्हातारीनं नानचं फडकं छातीशी ओढलं.

"लागतो का हा आजार?"

"लागत नाही," तुर्दी मागून म्हणाला. त्यानं दोन्ही हात वर करून तळवे दाखवले. "दोन वर्षं त्याच जागेवर फिरतायत हे. आणि तुझ्या म्हाताऱ्याची दाढीही याच हातांनी होते."

म्हातारीनं ते हात नीट पाहिले. उस्ताकडे पाहिलं. मग उस्ताच्या पुढून सरकत टोपल्यापर्यंत गेली आणि फडकं सर्विनोजच्या समोर पसरलं.

"तू दे ग. चार दे, गरम बघून. आणि ती वळकटी बाजूला घे, पायात येतेय."